खालपर्यंत पाह्यलं ना?

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायचं तर आधी तिच्या मामांबद्दल सांगावं लागेल, आणि जगातल्या कुठल्या वस्तूवर तारीख नेमकी कुठे दडलेली असते, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, इथून सुरुवात करावी लागेल. बिस्किटाचा पुडा ते फोडण्याआधी उलटा करून वाचत. नव्या छत्रीच्या दांड्यावर ती घेतल्याची तारीख खिळ्यानं कोरत. एकदा त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला आम्ही मेहकरला गेलो, तर पोहे यायच्या आत भिंतीकडे बघून म्हणाले, “तुमचं कॅलेंडर मागच्या महिन्यावर हाये. पोरीचं वय तरी आजचं सांगून राह्यले ना?” ते स्थळ तिथंच बारगळलं.

जानेफळात माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. त्या साली बीटी कपाशीची वेचणी उरकत आली तेव्हा मामा आले. फरदड ठेवावी, म्हणजे त्याच झाडांना पाणी देऊन पुन्हा बोंडं धरू द्यावीत, की झाडं उपटून हरभरा पेरावा, एवढंच त्यांना इंटरनेटला विचारायचं होतं. चष्मा नेमका घरी राहिलेला. मी शोधलं. शोधयादीतल्या पहिल्याच नावाखाली ‘दोन दिवसांपूर्वी’ असं आलं. आत लिहिलं होतं, फरदड अवश्य घ्या.

“तारीख, जवाईबुवा?”

“परवाची.”

“खालपर्यंत पाह्यलं ना? खरी तारीख बुडाशी राह्यते.”

दुकानात गर्दी होती. मी म्हणालो, “हो, पाहिलं.”

मामांनी फरदड ठेवली. हरभऱ्याची पेरणी टळून गेली आणि बोंडांत गुलाबी अळी शिरली. एक किडकं बोंड सदऱ्याच्या खिशातून काढून त्यांनी माझ्या कीबोर्डावर ठेवलं. “परवाचं ग्यान इतक्यात काऊन सडलं?”

मी ते पान पुन्हा उघडलं आणि या खेपेला तळापर्यंत गेलो. तिथे तारीख होती बीटी नुकतं आलं तेव्हाची, त्या अळीचं नावही कुणी घेत नव्हतं तेव्हाची. मागे जाऊन पाहिलं, तर शोधयादीत अजूनही ‘दोन दिवसांपूर्वी’च! पानाच्या मालकानं कुठे जरा हात फिरवला की यंत्राला ते नवं वाटत असावं. खरं कुठलं, मलाही क्षणभर कळेना. मामांच्या डोळ्यांवर आज चष्मा होता. मी पडदा माझ्याकडे वळवला. “मामा, उपटून टाका असंच लिहिलं होतं. तुम्ही उलटं ऐकलंत.”

ते गोंधळून बोंडाकडे बघत राहिले. “हाव? मंग माह्याच कानाले काही झालं असन.”

मामा आता बिस्किटाचा पुडा सरळ फोडतात. परवा दुकानात चुकून गेल्या महिन्याचं वर्तमानपत्र त्यांच्या हाती गेलं. अख्खं वाचून, नीट घडी घालून म्हणाले, “आज काही खास नाही, जवाईबुवा.”

मामा, मी खालपर्यंत पाहिलं नव्हतं. एवढं एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो.