रॅमची धार

बंद पडलेला कॉम्प्युटर माझ्यापुढे आला की मला आनंद होतो. असं बोलून दाखवायचं नसतं, कारण तो घेऊन येणारा रडकुंडीला आलेला असतो. पण खरं तेच आहे. शेलूबाजारला हायवेलगत आमचं घर, पुढच्या खोलीत माझं दुरुस्तीचं टेबल, आणि त्या टेबलावरून आजवर एकही मशीन मेलेलं परत गेलेलं नाही. एक सोडून, पण त्याच्यात पाल शिजली होती.

लग्न होऊन आले तेव्हा या टेबलाला घरात जागा नव्हती. सुनेच्या हातात पेचकस शोभत नाही, हे सासूबाईंचं ठाम मत. "त्यापरीस तिले शिलाई मशीन घे म्हण," असं त्या माझ्या नवऱ्याला सांगायच्या, मी तिथेच बसलेली असताना. मीही काही गरीब गाय नाही. टेबल मी भांडूनच मांडलं, पण सहा वर्षं त्या पेचकसावरून आमच्या दोघींचं जमलं नाही.

म्हणून गेल्या वर्षीचा दसरा मी विसरत नाही. सासूबाईंच्या भावाचं, म्हणजे मामाजींचं, रिठदला कृषी केंद्र आहे. त्यांच्या दुकानातला कॉम्प्युटर इतका मंद झाला होता की बिल निघेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन यायचं. मामाजी तो वाशिमला न्यायला निघाले, तर सासूबाईच फोनवर म्हणाल्या, "वाशिमले कायले नेतं? आमची सून करते ना!" मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि तव्यावरची पोळी करपली. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कामासाठी आपला शब्द टाकला होता, आणि तोही माहेरच्या माणसापुढे. तो शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी नवी डिस्क आणि नवी रॅम आणली. डिस्क बसवून जुनं सगळं तिच्यावर उतरवलं. रॅम बसवणार तेवढ्यात लाइन गेली, म्हणून ती पाकिटातच राहिली.

सकाळी न्हाऊन बाहेर आले तर औजारांच्या पूजेचा पाट मांडलेला. विळा, कुऱ्हाड, वखराचं लोखंडी पातं म्हणजे पास, आणि त्या पासेच्या शेजारी ओळीने माझे पेचकस! त्यांच्याजवळ रॅमचं पाकीट. सगळ्यांवर झेंडूची फुलं. पेचकसावरून घरंगळलेलं एक फूल मी उचलून परत जागेवर ठेवलं. पूजेला लावलेलं औजार त्या दिवशी कामाला घ्यायचं नाही ही घरची रीत, तेव्हा रॅम बसवायचं काम दुसऱ्या दिवसावर गेलं.

नेमके दुसऱ्या दिवशी मामाजी सोनं द्यायला आले आणि खुर्ची ओढून माझ्या टेबलासमोरच बसले. हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी सुरू झाली होती, दुपारच्या जीपने त्यांना कॉम्प्युटर न्यायचा होता. सासूबाई दारात वाती वळत होत्या. मी जुनी रॅम काढून नवी बसवली आणि बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळाच. आतून बीप, बीप, बीप.

"काहून वं, रडून राह्यला का तो?" मामाजी म्हणाले.

"बोलून राह्यला मामाजी. कुठं दुखते ते सांगून राह्यला."

हे मी थाटात म्हटलं. तसा बीप म्हणजे रॅम नीट लागली नाही. काढून पुन्हा बसवली, दोन्ही खटके वाजले, तरी तेच. दुसऱ्या खाचेत घातली, तेच. मग जुनी परत लावली, तर तीही बीपच! परवापर्यंत रडतखडत का होईना चालणारं मशीन मी मारून ठेवलं होतं. पाकीट आधीच फोडलेलं होतं हे आठवलं, आणि वापरलेला माल गळ्यात मारला म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात ठेवणीतल्या शिव्या घातल्या.

"राहू दे बाप्पा," मामाजी उठलेच. "वाशिमवाल्याले दाखवतो मी." मग ते सासूबाईंकडे वळले. "बाई, तूबी ना!"

सासूबाईंचे हात थांबले. मान खाली गेली. ते मला पाहवेना.

"बसा मामाजी. चहा पेऊन जा," मी म्हणाले, म्हणजे हुकूमच सोडला. चिडले की माझं डोकं थंड होतं. अंदाज बांधणं बंद केलं, रॅम उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. काठावरच्या सोनेरी पट्ट्यांवर लालसर डाग होते. खाचांमध्ये पाहिलं, तिथेही लाल कण. बोट लावून हुंगलं. कुंकू!

विळ्याला कुंकू लावतात ते मुठीला नाही, पात्याला. जिथून काम होतं तिथे. सासूबाईंनी पाकीट फोडलं, त्यातलं जे सगळ्यात चकचकीत दिसलं तीच याची धार समजून ओल्या बोटाने मनोभावे कुंकू लावलं, वाळू दिलं आणि परत पाकिटात ठेवलं. आणि मी, मोठी कारागीर, न बघता ते एकामागून एक दोन्ही खाचांत कोंबलं, म्हणून जुनी रॅमही चालेना.

सहा वर्षांचे टोमणे जिभेवर आले होते, खोटं कशाला सांगू. एका वाक्यात मी सुटले असते. पण पासेशेजारी मांडलेले पेचकस डोळ्यांपुढे होते. मी ड्रॉवरमधून खोडरबर काढलं, दोन्ही रॅमच्या पट्ट्या घासल्या, कोरड्या ब्रशने खाचा साफ केल्या, बटण दाबलं. एकच छोटा बीप, आणि स्क्रीनवर उजेड.

"काय झालतं?" मामाजींनी विचारलं.

"काही नाही. कचरा अडकला होता."

सासूबाई उठून टेबलापाशी आल्या. खोडरबराचा लाल कीस तिथे पडला होता. त्यांनी तो चिमटीत घेतला, निरखला.

"कचरा नोय तो," त्या भावाला म्हणाल्या. "माह्यं कुंकू हाय. म्याच लावलं, धारीले. माह्यानं बंद पडलं, अन् हिनं चालू केलं. तुह्या वाशिमवाल्याले समजलं असतं का कुंकू?"

मामाजी चहा न फुंकताच प्यायले.

ते गेल्यावर मी म्हणाले, "आई, पाकीट फोडलं हे मले सांगा लागत होतं ना."

"तू पाह्यशीन असं वाटलं मले. कारागीर हायस ना?"



यंदाच्या दसऱ्याला पाटावर औजारं मांडून झाली आणि सासूबाईंनी मला हाक मारली. एका हातात कुंकवाचा करंडा, दुसऱ्या हातात माझा मोठा पेचकस.

"याचं पातं कोन्तं, ते आंदी सांग."

मी टोक दाखवलं. त्यांनी तिथे कुंकू लावलं. मग माझा उजवा हात ओढून घेतला आणि अंगठ्याला अन् शेजारच्या बोटालाही लावलं.