उलटा पोहणारा मासा आणि ताई

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोडबंदर रोडवर गाडीत अडकून पडलो होतो. तिच्या शेजारच्या पेडणेकर वहिनी म्हणाल्या, "मिलिंदभाऊ, सुमनताई गेल्या हो... सकाळी खुर्चीत बसल्या बसल्याच." पुढची गाडी हलेना, मागचा हॉर्न थांबेना. ठाकुर्लीला तिच्या घरी पोचेपर्यंत दुपार झाली. त्याला आता दीड महिना होईल. मधल्या काळात भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच सूर लावला, "बिचारी, एकटीच होती." ताई बिचारी नव्हती. मी लिहायला बसलोय ते एवढ्यासाठीच.

ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. डोंबिवलीतल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत तिने सारी नोकरी काढली. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर "नव्हतं करायचं" एवढंच उत्तर, आणि विषय बंद. ती निवृत्त झाली त्या वर्षी शाळेतल्या एका बाईंनी गाव सोडताना काचेची टाकी आणि त्यातले दोन गोल्डफिश तिच्याकडे दिले. एका रविवारी मी गेलो, तर त्यातला केशरी मासा पोट वर करून तरंगत होता. कल्ले तेवढे हलत होते. मी सहज बोलून गेलो, "संपलं गं हे. टाकून दे, दुसरा आणतो मी. बाजारात पिशवी भरून मिळतात." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातला कप खाली ठेवला. "दुसरा मिळतो म्हणून हा टाकायचा? जिवंत आहे तो. पोट बिघडलंय त्याचं."

मग तिने मला टाकीजवळ ओढलं आणि दाखवलं. पोट टम्म फुगलेलं. दोन दिवस शी नाही, त्याआधी झाली ती पांढरट, दोऱ्यासारखी लोंबत राहिलेली. खवले मात्र अंगाला नीट चिकटलेले. "ते उभे राहिले असते ना, तर मी घाबरले असते," ती म्हणाली. दुकानदाराने न बघताच निळं औषध दिलं होतं. ते तिने त्याच पावली परत केलं, "काय झालंय ते विचारलंही नाहीत, आणि औषध कसलं देता?" तिने आधी टाकीतलं थोडं पाणी बदललं, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पाण्याने. मग दोन दिवस खाणं बंद. तिसऱ्या दिवशी मटाराचा दाणा मऊ उकडून, साल काढून, बोटांत चुरून पाण्यात सोडला. माशाने तो तोंडात घेतला आणि थुंकून टाकला. संध्याकाळी मात्र खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन, "सरळ पोहतोय!" मला मीटिंगमधून उठवून तिने हे सांगितलं. तेव्हापासून माशांच्या खाण्याचे कोरडे दाणे थेट पाण्यात टाकणं बंद झालं. वर तरंगणारे दाणे खाताना मासा हवाही गिळतो, म्हणून ती ते आधी भिजवायची आणि मोजकेच द्यायची.

दुसरा मासा वाचला नाही. त्याचे खवले खरंच उभे राहिले. ताईने त्याला वेगळ्या टबात ठेवलं, सूज उतरावी म्हणून मोजून एप्सम सॉल्ट घातलं, पाच दिवस घराबाहेर पडली नाही. "मला ओळखायला उशीर झाला," एवढंच म्हणाली. पुढे एका लग्नात कुणीतरी तिला हसून म्हणालं, "अहो, मासाच होता ना!" ताईचा आवाज चढला नाही. "हो, मासाच होता. म्हणून तर दुखतंय कुठे ते सांगता येत नव्हतं त्याला."

स्मशानातून परतलो तेव्हा तिचं घर माणसांनी भरलं होतं. आमची धाकटी मावशी केशरी माशाच्या टाकीपाशी उभी होती, हातात खाण्याची डबी. "अरे, हा मुका जीव सकाळपासून उपाशी आहे." पेडणेकर वहिनी दारातूनच म्हणाल्या, "नको नको! कालच ताई सांगत होत्या, पुन्हा पोट फुगलंय, दोन दिवस काही द्यायचं नाही." मावशी ऐकेना. "असल्या दिवशी जिवाला उपाशी ठेवायचं? पाप लागेल." मी तिच्या हातातून डबी काढून घेतली. "लागू दे. ताईचं औषध चालू आहे त्याला."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मटार आणले. सुतकाच्या घरात गॅस पेटवायचा नाही असं सगळ्यांचं म्हणणं होतं. जेवण शेजारून येत होतं. मी गॅस पेटवला. कुणीतरी "मिलिंद..." म्हणालं, मी वळूनही पाहिलं नाही. दाणा उकडला, सोलला, चुरला. निम्मा बाहेरच सांडला. माशाने बराच वेळ नुसतं पाहिलं... मग खाल्ला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीत दहा-बारा माणसं मान खाली घालून बसली होती. तेवढ्यात टाकीकडून, चष्मा काचेला टेकवून वाकलेल्या मावशीचा आवाज आला, "मिलिंद, धाव रे! पोट साफ झालं बघ ह्याचं!" मग सगळे हसलो, मोठ्याने, त्या घरात, त्या दिवशी. कुणीही कुणाला गप्प केलं नाही.