गंज ऐकणारा मिस्त्री

मोटरसायकलच्या चाकाचे आरे बदलायचे म्हणजे निदान दोन तास. तेवढा वेळ गिऱ्हाइकाला बाकड्यावर बसावं लागतं, आणि बसलेला माणूस गप्प राहत नाही. भोकरदनच्या आमच्या गॅरेजात किस्से साठले ते असे. इंजिनाचं काम माझ्याकडे होतं. माझं गिऱ्हाईक गाडी सोडून बाजाराला जायचं. चाकं शेषराव मिस्त्रीकडे, म्हणून सगळी मजाही त्याच्याकडेच!

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. शेषराव डोळे मिटून पातळ पान्यानं एकेक आरा वाजवायचा. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर गंजलेला, मग वरून कितीही चमको. गंज दिसायच्या आधी ऐकू येतो, असं त्याचं म्हणणं होतं.

* * *

जनार्दन पाटलांनी गंजावर घरगुती इलाज काढला. रोज सकाळी आऱ्यांना करडईचं तेल! चाकं अशी दिसायची की बघत राहावं. पण तेल हळूहळू ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं. चतुर्थीला पाटील राजूरच्या गणपतीला गेले, उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी थेट नारळाच्या दुकानात शिरली. लागलं कुणाला नाही. दुसऱ्या दिवशी पाटील विचारायला आले, की आता दुसरं कोणतं तेल लावू.

शेषराव म्हणाला, "तेल बराबर हाय. ब्रेक काढून टाका."

* * *

वानखेडे गुरुजी पिंपळगाव रेणुकाईहून रोज भोकरदनच्या शाळेत यायचे, विज्ञान शिकवायचे. एकदा घरी पाहुणे येणार होते. त्यांच्या बायकोनं पितळेच्या भांड्यांबरोबर गुरुजींच्या गाडीची चाकंही चिंच लावून घासली. त्या दिवशी चाकं झगझगली. आठवड्यात वरचा मुलामा जाऊन आरे तांबडेलाल.

"आंबट लागल्यावर लोखंडाचं काय होतं, हे पोरांना शिकवता ना तुमी? मंग घरी न्हाई शिकवलं?" शेषरावनं विचारलं.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "घरी मी विद्यार्थी असतो."

* * *

एका व्यापाऱ्यानं जुनी गाडी विकायला काढली आणि गंजलेल्या आऱ्यांना चांदीचा रंग फासला. घेणारा हुशार, गाडी आणि व्यापारी दोघांनाही घेऊन आमच्याकडे आला. शेषरावनं चार आरे वाजवले आणि निकाल काही सांगितला नाही. फक्त व्यापाऱ्याला म्हणाला, "राजूरपर्यंत तुमी जोरात चालवा. मागं हे बसतेत."

व्यापाऱ्याचा गुडघा तेव्हाच दुखायला लागला.

* * *

वाजवून बघायची खोड शेषरावच्या अंगात भिनली होती. त्याच्या भाच्यासाठी मुलगी बघायला आम्ही गेलो होतो. चहा आला तसा यानं कप चमच्यानं वाजवला आणि चारचौघांत सांगितलं, की कपाला चीर आहे. मुलीचे वडील भडकले. कप जालन्याहून आणलेले, अगदी नवे होते! ते बोलत असतानाच कपाचं बूड सुटलं आणि चहा शेषरावच्या धोतरावर.

आतून मुलीचा आवाज आला, "मी सकाळीच सांगितलं होतं, तो कप देऊ नका म्हणून."

लग्न तिथंच ठरलं.

* * *

मग जालन्याहून एक सेल्समन आला. स्टेनलेस स्टीलचे आरे विकायचा. याला जन्मात गंज येत नाही, म्हणाला, मिस्त्री, आता तुमच्या कानाला पेन्शन! बाकड्यावरची माणसं हसली. शेषराव हसला नाही. चाकांशिवाय त्याला दुसरं काम येत नव्हतं, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

"आठ दिस मिठाच्या पाण्यात ठेवू," तो म्हणाला. "तुमचे पाच, माझे पाच. माझे गंजले अन् तुमचे न्हाई, तर हा पाना तुमच्या हातात देतो. पुन्हा चाकाला हात लावणार न्हाई."

बादली वानखेडे गुरुजींच्या शाळेत, प्रयोगाच्या कपाटात ठेवली. किल्ली गुरुजींकडे.

सहाव्या दिवशी न राहवून मी गुरुजींना गाठलं आणि कपाट उघडायला लावलं. सेल्समनचे पाच चकचकीत, आपले पाच लालभडक. येताना आणलेल्या पिशवीतले पाच नवे आरे मी बादलीत टाकले आणि गंजलेले पिशवीत घातले. गुरुजी तेवढा वेळ खिडकीतून मैदान बघत होते. शेषरावला यातलं काही माहीत नव्हतं.

आठव्या दिवशी बादली सगळ्यांसमोर गॅरेजात आली. दहाच्या दहा आरे चमकत होते! बाकड्यावर आनंदीआनंद झाला. बरोबरी झाली, असं गुरुजींनी घाईघाईनं जाहीरही करून टाकलं.

शेषरावनं डोळे मिटले आणि आपला पहिला आरा वाजवला. मग दुसरा. मग पाचही.

"हे माझे न्हाईत," तो म्हणाला. "आठ दिस पाण्यात पडलेला आरा असा वाजत न्हाई. कोणी बदलले ते मी इचारत न्हाई. मी हारलो."

मला मान वर करवेना. त्यानं पाना फडक्यानं स्वच्छ पुसला आणि सेल्समनपुढे धरला. सेल्समननं हसत हात पुढे केला.

"जरा थांबा," शेषराव म्हणाला, "तुमचे वाजवायचे राह्यले."

त्यानं सेल्समनचे पाचही आरे एकेक करून वाजवले, अगदी सावकाश. मग डोळे उघडले.

"तुमी कधी बदलले?"

गुरुजी पुन्हा बाहेर बघायला लागले. सेल्समननं बॅग उचलली आणि जालन्याची बस गाठायचीय म्हणाला. बसला अजून दीड तास होता.