झाकलेला चहा

केडुंगसारीच्या बाजारात तुकिनेमचं तेंपे संपल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं विकलं जात नसे. सोयाबीन शिजवायचं, सालं काढायची, विरजण लावून सागाच्या पानांत बांधायचं, की त्याची घट्ट वडी जमते. नवरा गेल्यावर याच कामावर तिनं घर उभं केलं होतं आणि रात्री ती पाय पसरून स्वस्थ झोपत होती. गावाला मात्र ती बिचारी वाटायची. एकटी बाई मजेत असू शकते, हे गावाच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

म्हणून शेजारच्या बू वाकियाह, म्हणजे वाकियाहकाकू, स्थळ घेऊन आल्या. पलीकडच्या गावचे मार्जुकी, भाताच्या गिरणीचे मालक, बायको वारलेली.

"राणीसारखी राहशील. तेंपे-बिंपे सगळं बंद!"

"नको, बू. मला लग्न करायचं नाही."

वाकियाहनी तिचा गालगुच्चाच घेतला. "पहिल्या नकाराला कोण विचारतं गं? मी तरी कुठं लगेच हो म्हटलं होतं!"

दुसऱ्या खेपेला तुकिनेमनं ओरडून नाही म्हटलं. वाकियाहनी गावभर सांगितलं, लाजतेय. तिसऱ्या खेपेला तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला की तोंडातून शब्दच फुटेना. झालं! बाई गप्प बसली म्हणजे हो म्हणाली. संध्याकाळपर्यंत लग्न ठरल्याची बातमी नदीपार पोचली.

आता यात कुणी दुष्ट नव्हतं, हेही खरंच. आमच्याकडे जेवायला बसा म्हटलं की आधी नको म्हणायचं असतं, आणि यजमानानं पुन्हा आग्रह करायचा असतो. जन्मभर असं नको-नको ऐकून कानांना सवयच लागते. पण त्या सवयीपायी एका बाईचं घर आणि चूल जायची वेळ आली होती. याचा मला अजूनही राग येतो.

ठरल्या दिवशी मागणी घालायला मंडळी आली. केळ्यांचा घड, नवरा-बायको चिकटून राहावीत म्हणून चिकट तांदळाची गुळाची वडी, नवा छापील बाटिक सदरा घातलेले मार्जुकी आणि गावातले सगळ्यांत वयस्क, सगळ्यांचे म्बाह म्हणजे आजोबा, म्बाह सास्त्रो. सगळे चटईवर बसले. तुकिनेमनं चहा आणला. झाकण घातलेला एकेक पेला प्रत्येकापुढे ठेवला आणि समोर मांडी घालून बसली.

बसली ती बसलीच. "मोंग्गो, घ्या ना," हे काही ती म्हणेना. आणि घरच्या माणसानं मोंग्गो म्हटल्याशिवाय पेल्याला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

"वास छान सुटलाय हो चहाचा," वाकियाह म्हणाल्या.

"सुटलाय."

"पोरी, उकडतंय आज," म्बाह सास्त्रोंनी घसा खाकरला.

"हो, म्बाह. फार उकडतंय."

मार्जुकींचा हात पुढे आला आणि गुडघ्यावर परत गेला. चहा निवला. वाकियाह दात-ओठ खात कुजबुजल्या, "अगं, घ्या म्हण की!"

"नाही म्हणणार."

तेव्हा कुठं सगळ्यांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"मी दोनदा नाही म्हटलं, तुम्ही दोनदा हो ऐकलंत," तुकिनेम म्हणाली. "गप्प बसले, तर तेही हो! आज नुसतं घ्या म्हटलं नाही, तर सगळ्यांचे हात कसे जागच्या जागी थांबले? म्हणजे कळतं तुम्हाला. माझ्या मनात काय आहे ते चांगलं कळतं. हे घर माझं आहे, ही चूल माझी आहे. मी कुठंही जाणार नाही."

मार्जुकी लालबुंद झाले. "तुम्ही खरंच आधी नाही म्हणाला होतात?"

"ओरडून म्हणाले होते."

ते वाकियाहकडे वळले. "मला सांगितलं होतंत, बाई फार लाजाळू आहे." मग तुकिनेमपुढे मान लववून ते उठले. केळ्यांचा घडही परत गेला.

गावानं आठवडाभर तोंडसुख घेतलं. उद्धट, माजलेली, काय नि काय! तुकिनेम त्यांच्या नाकावर टिच्चून रोज बाजारात बसत होती. शेवटी वाकियाहनाही तेंपे घ्यायला तिच्या दारी यावंच लागलं.

"बसा, बू. चहा टाकू?" तुकिनेमनं विचारलं.

"छे छे, नको गं," वाकियाह सवयीनं म्हणाल्या, आणि पुन्हा आग्रह होईल म्हणून उंबऱ्यावर टेकल्या.

"बरं," तुकिनेम म्हणाली, आणि पुढचं पान बांधायला घेतलं.