दाजींचा दोन दिवसांचा बंगला

जगात आजवर जेवढे म्हणून पाहुणे होऊन गेले असतील, त्यांत आमचे दाजी धरता येणार नाहीत. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दिंद्रुडला त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. कुणाच्याही घरी गेले की चपला काढेपर्यंत ते पाहुणे असतात, पुढे त्या घराचा कारभार त्यांच्याकडे जातो. माझ्याच घरात मला खुर्चीवर बसवून "च्या घेता का पोहे टाकाया लावू?" असं त्यांनी विचारलेलं आहे आणि मीही संकोचून "नको, आत्ताच झालं" असं म्हटलेलं आहे. युसूफ वडगावला एकदा लग्नाला गेलो आणि चुकून भलत्याच मांडवात शिरलो. आम्ही तोंड चुकवून मागे फिरेपर्यंत दाजी कमरेला टॉवेल गुंडाळून पंगतीत जिलेबीचा आग्रह करत होते, आणि निघताना मुलीच्या बापाने त्यांना टोपी घालून आहेर केला. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा ते मला बघायला म्हणून आले आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या नातेवाइकांना जिन्यापर्यंत सोडून आले, "या परत" असं सांगून. दवाखान्यात असं म्हणत नाहीत, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर बायकोच्या माहेरच्या सगळ्या बहिणींनी मिळून अंबाजोगाईच्या बाहेरचा एक जुना बंगला दोन दिवसांसाठी भाड्याने घेतला. निजामाच्या घोडदळातल्या कुणा अंमलदाराने तो बांधलेला. अवाढव्य दरवाजे, रंगीत काचांच्या खिडक्या, आणि आमचा सगळा गोतावळा एका वेळी बसेल असं शिसवी टेबल. त्या अंमलदाराचे वंशज, म्हातारे खानसाहेब, मागच्या आवारातल्या दोन खोल्यांत एकटे राहत. किल्ल्या देताना त्यांनीच सांगितलं, की बंगला विकला आहे आणि आम्ही गेल्यावर नवा मालक ताबा घेणार आहे. आम्ही आत बोलावलं तर ते पायरीवरूनच मागे फिरले. भाडं घेतलं की घर पाहुण्यांचं, आपण आत यायचं नाही, असा त्यांचा रिवाज होता.

दाजींनी मात्र पहिल्या तासाभरातच घर आपलंसं केलं. लहानपण तिथेच गेल्यासारखे ते आम्हाला खोल्या दाखवत होते. दुधवाला आला, त्याला आत बोलावून त्याच्याच दुधाचा चहा पाजला. वायरमन आला, त्याला जेवू घातलं. इतकं असून स्वतःच्या खोलीतला दिवा मालवायचं बटण काही त्यांना सापडलं नाही, आणि त्यांच्या बायकोला मुक्कामभर डोळ्यांवर पदर घेऊन झोपावं लागलं.

निघायच्या दिवशी जेवणं आटोपली, सामान जीपमध्ये चढलं आणि खानसाहेब किल्ल्या घ्यायला आले. नेहमीसारखे पायरीखालीच थांबले. दाजींनी त्यांना पाहिलं.

"असं बाहेर कावून उभे ऱ्हायलात? आत या की. लाजू नका, आपलंच घर समजा."

माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला. मी जमिनीकडे बघत राहिलो. आपण काय बोलून गेलो याचा दाजींना पत्ताच नव्हता. त्यांनी खाली उतरून म्हाताऱ्याचा हात धरला. खानसाहेब क्षणभर घुटमळले, मग त्यांनी चपला काढल्या.

दाजी त्यांना टेबलाच्या टोकाच्या मोठ्या खुर्चीवर बसवू लागले. "तिथं अब्बा बसायचे," खानसाहेब म्हणाले आणि कडेच्या खुर्चीवर बसले. दाजींनी धपाटे वाढले, दही वाढलं, शेंगदाण्याची चटणी वाढली, नको नको म्हणत असताना आणखी एक धपाटा वाढला. म्हातारा सावकाश जेवला. अधूनमधून खिडकीच्या काचांकडे बघत होता. जेवण झाल्यावर मोरी कुठल्या बाजूला आहे, हे दाजींनी त्यांना हातवारे करून नीट समजावून सांगितलं, आणि त्यांनीही ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

हात धुऊन ते आले. बायकोने त्यांच्यापुढे किल्ल्यांचा जुडगा ठेवला. तो उचलून ते दाजींकडे वळले.

"लई वर्सांनी इथं बसून जेवलो. निघू आता? इजाजत हाय?"

दाजींनी जुडग्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आता कुठे त्यांच्या सगळं ध्यानात आलं असावं. मला त्या घटकेला दाजींची फार माया आली.

"येवढ्यात न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "बसा अजून."

खानसाहेब बसले. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवायला लागला, तेव्हा मी जाऊन त्याला इंजिन बंद करायला सांगितलं.