टेकडीवरची पाती आणि तपासनीस

गल्लीत त्यांना तपासनीस म्हणत. धंदा एका खोलीतल्या बर्फाच्या कारखान्याचा, पण स्वभाव असा की सरळ बोलणाऱ्याचाही त्यांना संशय यायचा. एवढं सरळ कोण बोलतं?

विजेच्या बिलात ‘पवन आकार’ अशी नवी ओळ आली, तेव्हा ते तडक वीज कार्यालयात गेले. “वारा फुकट, मग आकार कसला?”

“खांब, तारा, वारा पडला की चालवायचं दुसरं केंद्र. तो खर्च सगळ्यांवर वाटतात,” कारकून म्हणाला.

“मोठ्या कारखान्यांवरही?”

“त्यांना सूट आहे.”

“इथेच पाणी मुरतंय,” तपासनीस म्हणाले. खरं सांगायचं तर मुरतच होतं.

कारकुनाने तोड सुचवली. विजेचा दर तासातासाला बदलतो. स्वस्त झाला की फोनवर मेसेज येतो, तेव्हाच मशीन चालवा. बर्फवाल्याला हे जमण्यासारखं होतं, कारण टाकीतलं खारं पाणी एकदा गार केलं की काही तास थंडी धरून ठेवतं. पण मेसेज पाठवणार कोण? कंपनीच! तपासनिसांनी फोन बायकोच्या हवाली केला आणि स्वतः गच्चीवर चढले. समोरच्या टेकडीवर पवनचक्क्या दिसत. पाती फिरली की वीज स्वस्त, थांबली की महाग. आपले डोळे तर कंपनीचे नाहीत ना!

बायको खालून ओरडे, “अहो, आत्ता महाग आहे, बंद करा!”

“पाती गरगर फिरतायत आणि म्हणे महाग. तूही त्यांना सामील झालीस की काय?”

तिसऱ्यांदा हे ऐकल्यावर तिने ओरडणं सोडलं.

महिनाअखेर बिल दीडपट आलं. पाती फिरत होती हे खरं, पण भर दुपारी सगळं गाव पंखे लावून बसलेलं, म्हणून दर चढलेला. एका टेकडीचा वारा कुणाकुणाला पुरणार? दोन मशिनांपैकी एक विकावं लागलं. एवढा सावध माणूस, पण त्याला फसवायला दुसरं कुणी लागलंच नाही.

मशीन टेम्पोत चढलं. तपासनीस रिकाम्या चौथऱ्यापाशी उभे राहिले. “नीट बजावायचंस तरी,” ते पुटपुटले.

“मशीनचं मला काही नाही,” बायको म्हणाली. “पण तीस वर्षं त्या खाऱ्या पाण्यात हात घालतेय मी. मला त्यांच्यातली म्हणालात, ते लागलं.”

थोड्या वेळाने तिच्या हातातला फोन वाजला. तिने मेसेज वाचला, पण सांगितला नाही. तपासनीस बटणापाशी गेले. गच्चीचा जिना शेजारीच होता.

“चालू करू का?” त्यांनी विचारलं.

तिने त्यांना दोनदा विचारायला लावलं.