गोळी बी घे, पाज बी

कुसुम सिस्टर बाळंतिणीच्या घरी आल्या की चहाला हात लावायच्या नाहीत. "आधी लेकराला पाज, मला बघू दे," म्हणायच्या. उपकेंद्रातल्या या नर्सबाई तिसगावच्या वाड्यावस्त्यांवर स्कूटीवरून हिंडायच्या. तोंडाने अशा फटकळ, की सासवा त्यांना बिचकून असायच्या आणि आम्ही सुना पदराआड हसायचो.

माझा ओम दीड महिन्याचा असताना माझ्या छातीत गाठ झाली, सणकून ताप भरला. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं. सासूबाई म्हणाल्या, "गोळ्यांचं दूध लेकराला इख हाय." मग त्यांनीच तोड काढली: एक दिवस गोळी, एक दिवस पाजणं. एकादशी असल्यासारखं! गोळीच्या दिवशी ओमला वाटीने शेळीचं दूध. मी चांगली बी.ए. झालेली, पण मुकाट मान डोलावली. अजून स्वतःचा राग येतो.

पाचव्या दिवशी सिस्टर आल्या. गाठ दगडासारखी झालेली, मी तापाने फणफणलेली, ओमला जुलाब. त्यांनी चिठ्ठी वाचली, डॉक्टरांना फोन लावून खात्री केली आणि सासूबाईंकडे वळल्या.

"मावशी, पोरगं अंगावर पितं हे डॉक्टरला म्हाईत हाय. बघूनच दिलीय गोळी, पाजनारनीला चालती ती. अशी अधनं-मधनं घेतली अन् दूध तुंबलं, तर गाठ पिकंल. गोळी बी घिऊ द्या, पाजू बी द्या."

"अन् पोराला काय झालं मंजी?"

आता सिस्टर फाडकन बोलणार, असं मला वाटलं. पण त्या खाली बसल्या. "मला एकच पोरगी हुती, मावशी. माझ्या गोळ्या चालू हुत्या म्हनून मी तिला अंगावरून तोडली. वरच्या दुधानं हगवन लागली. चार दिसांत गेली. तवा मी नर्स न्हवते, अन् सांगनारं बी कुनी न्हवतं."

सासूबाई उठल्या आणि ओमला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. सिस्टर त्याला तपासायला रोज येत राहिल्या. आठवड्याभरात जुलाब थांबले, गाठही विरली.

गेल्या वर्षी सिस्टर वारल्या. दहाव्याला मी गेले, गुडघे धरत सासूबाईही आल्या. बायका हळहळत होत्या, "बिचारीला लेकरूबाळ काय न्हवतं."

सासूबाई ताडकन म्हणाल्या, "कोन म्हनलं न्हवतं? पोरगी हुती तिला."